कॉम्प्रेसरचा झिजलेला पंप बदलताना

टाकी भरायला दुप्पट वेळ लागतोय, हवेबरोबर तेल येतंय, म्हणजे पंप गेला असं आपण धरून चालतो. थांबा. मोटर बंद झाल्यावरही प्रेशर स्विचपाशी हवा सुसू करत राहिली, तर दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा, म्हणजे टाकीतली हवा पंपाकडे परत जाऊ न देणाऱ्या झडपेचा आहे. बेल्ट घसरणं, फिल्टर चोंदणं, हेडमधली व्हॉल्व्हची पट्टी तुटणं ही दुखणी स्वस्तात बरी होतात. ब्रीदरमधून (पंपाच्या तेलाच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्रातून) मात्र धूर फेकला जात असेल आणि आत ठोके पडत असतील, तर रिंगा आणि बेअरिंग संपली. मग पंप बदलाच.

नवा पंप घेताना बोल्टच्या भोकांमधलं अंतर, फिरण्याची दिशा आणि कमाल वेग जुळवून पाहा. बहुतेकजण चुकतात ते पुलीत. जुनी पुली तशीच ठेवली तर नवा पंप भलत्याच वेगाने पळतो आणि लवकर मरतो. मोटरच्या पुलीचा व्यास काढायचा हिशेब सोपा आहे: पंपाचा वेग गुणिले फ्लायव्हीलचा (पंपावरच्या मोठ्या चाकाचा) व्यास, भागिले मोटरचा वेग. पंप ८०० फेऱ्यांचा, फ्लायव्हील ३६० मिमी आणि मोटर १४४० फेऱ्यांची असेल, तर मोटरची पुली २०० मिमीची हवी. त्याहून मोठी लावली की मोटरवरही भार वाढतो.

आता काम. वीज मेनपासून तोडा. ड्रेन कॉक उघडून काटा शून्यावर आणा, मगच पाना हातात घ्या. गार्ड काढा, मोटर सैल करून बेल्ट उतरवा, पंपातून टाकीकडे हवा नेणारा डिलिव्हरी पाइप सोडवा. पाइपात काजळी साचली असेल तर साफ करत बसू नका, नवा टाका. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही याच फेरीत बदला. बिडाचा पंप दिसतो त्यापेक्षा जड असतो, दोघांनी उचला.

नवा पंप बसवून बोल्ट आधी हातानेच लावा. दोन्ही पुल्यांच्या कडेला सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आणा, बेल्ट ताणा, मग सगळं आवळा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिमी दबावा. कॉम्प्रेसरचंच तेल काचेच्या मधल्या खुणेपर्यंत भरा. इंजिन ऑइल नको. त्यातल्या डिटर्जंटमुळे व्हॉल्व्हवर कार्बन धरतो.

गार्ड लावून मोटर क्षणभर चालवा. फ्लायव्हील बाणाच्या दिशेने फिरलं पाहिजे, म्हणजे त्याच्या पात्यांचा वारा पंपावर येतो. थ्री-फेज मोटर उलटी फिरली तर वीज तोडून दोन फेज अदलाबदल करा.

यानंतर टाकीचा कॉक उघडा ठेवून, दाब न चढवता अर्धा तास चालू द्या. कंटाळवाणं काम आहे, पण रिंगा इथेच बसतात. मग दाब चढवून सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील तिथे आवळा. काही तास चालल्यावर, पंप पूर्ण थंड झाला की, हेडचे बोल्ट पुन्हा तपासा. पहिलं तेल ५० तासांनी काढा, त्यात लोखंडाची बारीक चकाकी दिसेल.