चवथीच्या साफसफाईत वीर चक्र घासू नका

गणेश चवथीआधी समया, निरांजनं, तांब्ये घासायला बाहेर निघतात. नेमक्या त्याच दिवसांत कुणाच्या तरी हाती शोकेसमधलं पदक लागतं. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, पितळेचं पॉलिश यांतलं काहीही त्याला लावू नका. वीर चक्र चांदीचं असतं, व्यास जेमतेम ३५ मिलिमीटर. मधल्या राजचिन्हावर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो घासण्यानं निघतो आणि खालची चांदी दिसू लागते. कडेवर नाव, क्रमांक कोरलेला असेल तर तोही झिजतो. हे पदक कोणत्या जवानाचं, याचा पुरावा ती कडच आहे. आधी तिचा जवळून फोटो काढून ठेवा. काळपटपणा राहिला तरी चालेल, अक्षर गेलं तर परत येत नाही.

हात धुऊन, कोरडे करून पदक कडेनं धरा. मऊ सुती कापडानं फक्त धूळ टिपा.

फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. ती धुऊ नका, रंग एकमेकांत उतरतो. लोखंडी पिन असेल तर काढा. गंजाचा डाग कापडातून जात नाही. फीत बदलायचीच असेल तर कोणता रंग कोणत्या बाजूला होता ते टिपून ठेवा. जुनी फीत मात्र टाकू नका.

पेटीत लोकरीचं अस्तर किंवा रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. आम्लविरहित कागदात गुंडाळून पॉलिथिनच्या झिप पिशवीत ठेवा. चपलांच्या खोक्याएवढ्या हवाबंद डब्यात ओल शोषून घेणारे नारिंगी सिलिका जेलचे दाणे ५० ग्रॅम पुरे. पावसात दर पंधरवड्याला पाहा. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा. त्याहून जास्त तापवलं तर ते करपून निकामी होतात. डबा चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती जूनपासून ओल धरते. देवघरातही नको, तिथं धूप आणि तेलाची काजळी असते.

खरी काळजी घ्यायची ती गौरवपत्राची. समोरून मारा चालू असताना त्या माणसानं नेमकं काय केलं, हे त्या कागदावर असतं, पदकावर नाही. लॅमिनेशन अजिबात करू नका: उष्णतेनं आणि गोंदानं कागद कायमचा अडकतो. स्कॅन करा, मूळ प्रत पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती कागदात मुरते. सावलीत, पंख्याच्या थेट झोताखाली न ठेवता, वाळू द्या. मग मास्क लावून बाहेर वसरीवर मऊ ब्रशनं, मजकुराकडून कडेकडे, हलकेच झाडा.