नवीन वनस्पतीचा पेपर कुठे पाठवायचा ते पावसाळ्याआधीच ठरवा

टॅक्सॉनॉमीत, म्हणजे जाती ओळखून त्यांना नावं देण्याच्या शास्त्रात, नव्याने पीएचडीला लागलेली मुलं हमखास विचारतात, सर पेपर लिहून झालाय, आता कुठल्या जर्नलला पाठवू? माझं म्हणणं असं की हा प्रश्न फील्डला जायच्या आधीचा आहे, निदान आपण जे कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळांवर, नाहीतर साताऱ्याकडच्या पठारांवर काम करतो त्यांच्यासाठी तरी. कारण सड्यावरचं सगळं काम पावसाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत उरकायचं असतं, आणि जर्नलला जे लागतं ते तेव्हा गोळा केलं नाही तर थेट पुढचा पावसाळा.

उदाहरणार्थ गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन घ्या. फुलं मिळाली, फोटो झाले, वर्णन लिहिलं, आणि रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, म्हणतो बियांच्या पृष्ठभागाचे एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो द्या, कारण या प्रजातीत (जीनसमध्ये) जाती वेगळ्या करायला बिया फार महत्त्वाच्या. आता ऑक्टोबर संपल्यावर बिया कुठून आणणार? म्हणून मी सांगतो, ज्या दोन-तीन जर्नल्सचा विचार आहे त्यातले तुमच्याच प्रजातीवरचे अलीकडचे पाच-सहा पेपर मे महिन्यात काढून बसा, त्यात कुठकुठले फोटो आहेत, स्केल बार कसा दिलाय, जवळच्या जातींशी तुलनेचा तक्ता आहे का, किती नमुने पाहिलेत, हे सगळं वहीत उतरवून घ्या, तीच तुमची फील्डची यादी.

जर्नल शोधायचं कसं? इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो त्या आकड्यावरून, सुरुवात करू नका. आपल्या विषयात तो कमीच असतो, कारण एखाद्या जातीचं वर्णन लोक वीस-तीस वर्षं वापरतात पण हा आकडा दोनेक वर्षांचेच सायटेशन (उल्लेख) मोजतो. २०२० मध्ये तर झूटॅक्सासारख्या प्राणिशास्त्रातल्या मोठ्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर सेल्फ-सायटेशनच्या (त्याच जर्नलमधल्या पेपरांचे उल्लेख जास्त असल्याच्या) कारणाने काढून घेतला होता, जगभरच्या टॅक्सॉनॉमिस्टनी आवाज उठवल्यावर परत दिला. तुमचा पेपर लिहिताना तुम्ही स्वतः ज्यांचे पेपर सारखे उघडता ते कुठे छापून आलेत ते बघा, तुमचा वाचक तिथेच आहे. वनस्पतींसाठी फायटोटॅक्सा, क्यू बुलेटिन, नॉर्डिक जर्नल ऑफ बॉटनी ही बाहेरची, आणि आपल्याकडे ऱ्हीडिया, बीएसआयचं (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) नेलुम्बो, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १८८६ पासून निघणारं जर्नल. नवीन जात नसेल, नुसता राज्यासाठी नवीन रेकॉर्ड असेल तर भारतीय जर्नलच बघा, ज्याला ती माहिती खरंच लागणार आहे तो तिथे वाचतो. यात कमीपणा काही नाही, उलट पश्चिम घाटाची वनस्पती ओळखणारे रिव्ह्यूअर मिळायची शक्यता जास्त.

पैशांचं. फायटोटॅक्सात नेहमीच्या पद्धतीने छापायला पैसे लागत नाहीत, सगळ्यांना फुकट वाचता यावं असं हवं असेल तरच लागतात. फायटोकीज पूर्ण ओपन अॅक्सेस आहे, तिथे फी भरावी लागते. गाईडकडे प्रोजेक्टचा फंड नसेल तर हे आधीच बोलून घ्या.

आता व्हॉट्सअॅपवर येतात ती "तीन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेटसह" वाली जर्नल्स. यांच्यापासून लांब रहा, आणि आपल्या विषयात तर चार हात जास्तच लांब, कारण नामकरणाच्या नियमांत जर्नल चांगलं की वाईट हे बघत नाहीत. २०१२ पासून आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) असलेल्या ऑनलाइन पीडीएफमध्ये, इंग्रजी किंवा लॅटिन वर्णनासह, टाइप नमुना (ज्या नमुन्याशी ते नाव कायमचं जोडलं जातं तो) नीट नोंदवून नाव छापलं की ते नाव अधिकृत झालं. तुमचं अर्धवट वर्णन कोणीही न तपासता छापलं गेलं तरी ते कायमचं बसतं आणि पुढच्या प्रत्येकाला ते निस्तरावं लागतं. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे यादीत आहे म्हणजे चालेल हा आधारही गेला. एडिटोरियल बोर्डावरचे लोक खरंच त्या विषयातले आहेत का, ते स्वतःच्या पानावर हे जर्नल लावतात का, हे बघायला अर्धा तास लागतो. नामांकित जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट काढलेलीही सापडते, तेव्हा लिंक मेसेजमधून उघडू नका.

थीसिसचं वेगळं विचारतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थीसिसआधी पेपर छापायची सक्ती राहिली नाही, पण विद्यापीठ आपला नियम ठेवू शकतं, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक स्वतः वाचा, सीनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

हर्बेरियमचं काम सगळ्यात जास्त रखडतं. होलोटाइप, म्हणजे मुख्य टाइप नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवला ते पेपरात लिहावंच लागतं, आणि अॅक्सेशन नंबर (संग्रहातला नोंद क्रमांक) लगेच मिळेल असं धरू नका. पुण्यात बीएसआय आणि आघारकर संस्था, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर, जिथे ठेवणार त्यांच्याशी पावसाळ्याआधी बोला. वनखात्याची परवानगीही तेव्हाच काढा, बरीच जर्नल्स विचारतात.

आणि एक, नवीन नाव असलेला पेपर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे तपासणीआधीच ऑनलाइन, टाकू नका, बाकी विषयांत ती चांगली सवय आहे पण इथे नाव नक्की कधी आणि कुठे छापलं याचाच घोळ होतो. कॉन्फरन्सच्या पोस्टरवरही नाव लिहू नका. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. नाकारलं तर रिव्ह्यूअरचे मुद्दे दुरुस्त करूनच पुढच्याला पाठवा, छोट्या विषयात तोच रिव्ह्यूअर परत येतो.

हे सगळं मी इतकं का सांगतोय, तर सातबाऱ्यावर आपले कितीतरी सडे पोटखराब किंवा पडीक म्हणून लागलेत. तिथे खाण किंवा प्रकल्प येतो तेव्हा अहवालात वनस्पतींची यादी लागते, आणि जिला नावच नाही ती त्या यादीत येऊच शकत नाही, आययूसीएनचं (जागतिक निसर्गसंवर्धन संघटना) धोक्याचं मूल्यांकनही तिचं सहसा होत नाही. म्हणून चांगल्या ठिकाणी, नीट तपासून छापलेला पेपर त्या सड्यासाठी खरंच कामाचा असतो. छापून आल्यावर एक पानभर मराठीत लिहून ग्रामपंचायतीला आणि वनखात्याच्या रेंज ऑफिसला द्या.

फक्त कंदीलपुष्प, ऑर्किड असं काही असेल, ज्याचे कंद लोक उपटून नेतात, तर जीपीएसचे पूर्ण आकडे पेपरात देऊ नका. तालुका आणि साधारण उंची पुरते, नेमकी जागा हर्बेरियमकडे नोंदवून ठेवा आणि असं का केलंय ते कव्हर लेटरमध्ये एडिटरला आधीच लिहा.