सहा महिन्यांत दोनदा क्रॉस गेला, शेवटी कारण सापडलं

माझ्या जुन्या फोर बाय फोरचा पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा, सहा महिन्यांत दोनदा गेला. पहिल्यांदा वाटलं माल हलका लागला असेल, पुण्याच्या नाना पेठेतून चांगला आणून बसवला, तरी मुळशीहून परत येताना परत तोच टकटक आवाज.

यावेळी मेकॅनिकने आधी विचारलं, साहेब, डांबरावर फोर व्हील लावता का? लावत होतो ना, पावसात ताम्हिणी घाटात ग्रिप चांगली मिळते म्हणून पूर्ण घाट 4एच (चारही चाकांना ताकद देणारा, नेहमीच्या वेगाचा गिअर) मध्येच. पण या गाडीला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारे गिअर) नाही, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि पुढचा-मागचा शाफ्ट मात्र एकाच स्पीडने बांधलेले, चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही, मग सगळा लोड क्रॉस आणि ट्रान्स्फर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स).

त्यात मी मागचे दोनच टायर नवे टाकलेले. टेपने परीघ मोजला तर 38 मिमीचा फरक, म्हणजे 4एच मध्ये सरळ रस्त्यावरसुद्धा किलोमीटरमागे चाकाच्या सातेक फेऱ्यांची ओढाताण!

चारही टायर एकसारखे केले, निप्पलवाला (ग्रीस भरता येणारा) क्रॉस टाकला (शाफ्ट काढताना खुणा नक्की करा, उलटासुलटा बसला तर व्हायब्रेशन येतं), पाण्यातून गाडी काढली की क्रॉसच्या चारही टोकांच्या कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारतो. आता 4एच फक्त कच्च्या रस्त्यावर. दोन पावसाळे झाले, क्रॉस तोच आहे.