सादरीकरणात पडदा काळा करण्याची सोय
पडद्यावर मजकूर दिसत असेल, तर श्रोते तो वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे त्यांचे अर्धेच लक्ष राहते. म्हणून एखादा महत्त्वाचा मुद्दा मांडायचा असेल किंवा कोणी विषयाला फाटा फोडणारा प्रश्न विचारला असेल, तेव्हा पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये कीबोर्डवरील ‘बी’ ही कळ दाबावी. पडदा काळा होतो, सगळ्यांच्या नजरा आपसूक तुमच्याकडे वळतात आणि तीच कळ पुन्हा दाबली की होती तीच स्लाइड परत येते. ‘डब्ल्यू’ने पडदा पांढरा होतो, पण अंधाऱ्या खोलीत तो डोळ्यांवर येतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी आधीचा तक्ता दाखवायचा झाल्यास एकेक स्लाइड मागे सरकवण्याऐवजी तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबावे. अर्थात त्यासाठी क्रमांकांची यादी कागदावर हाताशी हवी.