घरच्या वर्कशॉपसाठी परवडणारे लहान लेथ कसे निवडावे

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून तो टूलने कापणारे यंत्र, घ्यायचे ठरले की नजर आधी किमतीवर जाते आणि मग जाहिरातीतल्या आकड्यांवर. त्याआधी एक काम करावे: येत्या वर्ष-दोन वर्षांत आपण खरोखर कोणते जॉब (लेथवर घडवायचे तुकडे) करणार आहोत, त्यांपैकी सर्वांत मोठ्याचा व्यास आणि लांबी किती, आणि धातू कोणता, हे कागदावर लिहून काढावे. ज्याला पितळी बुश, ॲल्युमिनियमचे नॉब आणि वाफेच्या इंजिनाच्या लहान प्रतिकृती करायच्या आहेत त्याची गरज वेगळी, आणि ज्याला पंपाचे शाफ्ट किंवा मोटरसायकलचे भाग दुरुस्त करायचे आहेत त्याची वेगळी.

ऑनलाइन सर्वाधिक दिसते ते चिनी बनावटीचे, सात इंच स्विंगचे, म्हणजे सात इंच व्यासापर्यंतचा जॉब फिरू शकेल असे, मिनी लेथ. त्यावर बेडवरचा (यंत्राच्या लांब पायावरचा) स्विंग १८० मिमी आणि दोन सेंटरमधले अंतर, म्हणजे दोन टोकांना आधार देऊन बसू शकणाऱ्या जॉबची लांबी, ३०० किंवा ३५० मिमी असे लिहिलेले असते. हा १८० चा आकडा नवख्याला फसवतो, कारण तो फक्त चकजवळ (जॉब पकडणाऱ्या जबड्याजवळ) धरलेल्या आखूड चकतीला लागू पडतो. लांब जॉब टूल आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या वरून फिरावा लागतो आणि तिथे जेमतेम ११० मिमीच्या आसपास जागा उरते. चक फिरवणाऱ्या स्पिंडलचे भोक साधारण २० मिमी असते, म्हणजे त्याहून जाड बार हेडस्टॉकमधून, म्हणजे स्पिंडल बसवलेल्या भागातून, आरपार जाणार नाही. माहितीपत्रक वाचताना बेडवरचा स्विंग बाजूला ठेवून हे दोन आकडे आधी शोधावेत.

आकारापेक्षाही महत्त्वाचे आहे ते यंत्राचे वजन, कारण टूल धातूत शिरते तेव्हा जो जोर उलटा येतो तो बेड, त्यावर सरकणारे कॅरेज आणि टूल धरणारा टूल पोस्ट यांनी मिळून पेलायचा असतो. साधारण ४० किलोचे मिनी लेथ माइल्ड स्टीलवर पाव ते अर्धा मिलिमीटर खोलीचा कट समाधानकारक घेते. त्यापुढे गेले की थरथर सुरू होते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. पार्टिंग करताना, म्हणजे बारमधून तयार भाग कापून वेगळा करताना, ही मर्यादा सर्वांत आधी जाणवते. ॲल्युमिनियम आणि पितळासाठी मात्र हे यंत्र चांगले आहे आणि त्यावर काम करणाऱ्याने उगाच मोठ्याच्या मागे लागू नये.

वेगाचा हिशोबही करून पाहावा. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला सुमारे २५ मीटर हा वेग धरला, तर २५ मिमी व्यासाला ३२० फेरे लागतात आणि १०० मिमी व्यासाला फक्त ८०. इतक्या कमी फेऱ्यांवरच जोर सर्वांत जास्त लागतो आणि निव्वळ इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणारी डीसी मोटर नेमकी तिथेच दमते. म्हणून हाय-लो गिअरची सोय आणि शक्यतो ब्रशलेस मोटर असलेले मॉडेल घ्यावे, थोडे महाग पडले तरी.

दुसरा मार्ग जुन्या देशी लेथचा. राजकोट, बटाला, लुधियाना इथे बनलेली, बेल्टवर चालणारी आणि बॅक गिअर (फेरे कमी करून जोर वाढवणारा गिअर) असलेली तीन-चार फुटी यंत्रे वापरलेल्या स्थितीत मिळतात. भोसरी-चिंचवड किंवा कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर अशा भागांत ओळखीच्या टर्नरकडे चौकशी करणे जाहिराती चाळण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. तळमजल्यावर जागा असेल आणि स्टीलचे काम जास्त असेल, तर माझी पसंती निःसंशय अशा यंत्राला आहे. मात्र त्याचे वजन कित्येकशे किलो असते, त्यामुळे वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये त्याचा विचार करू नये. शिवाय मोटर बहुधा थ्री फेजची असते. घरच्या सिंगल फेजवर चालवण्यासाठी मोटर बदलण्याचा किंवा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवण्याचा खर्च किमतीत आधीच धरावा.

जुने यंत्र पाहायला जाताना डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक), ते धरायला मॅग्नेटिक बेस, व्यास मोजायला मायक्रोमीटर आणि २५ मिमीचा एक बार बरोबर न्यावा. नवा रंग पाहून भुलू नये. बेडची झीज चकजवळच्या वीतभर भागात सर्वाधिक होते, कारण बहुतेक काम तिथेच होते. ती ओळखण्यासाठी कॅरेज चकजवळ आणून त्याचे लॉक किंचित आवळावे, इतके की ते जरा जड पण सरकेल, आणि मग ते टेलस्टॉककडे, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाकडे, न्यावे. वाटेत ते घट्ट होऊन अडले, तर चकजवळचा बेड खाल्ला गेला आहे. हा दोष ग्राइंडिंगशिवाय जात नाही आणि तो खर्च बहुधा यंत्राच्या किमतीला परवडत नाही. त्यानंतर डायल गेजचे टोक स्पिंडलच्या नाकाला लावून चकमध्ये धरलेला बार हाताने वर उचलून पाहावा. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या पुढे हलला, तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. सैल असेल तर आवळून भागते, झिजलेले असेल तर भाव करताना ते मोजावे.

शेवटी प्रत्यक्ष कट घेऊन पाहावा. बार चकमधून १०० मिमी बाहेर काढून, टेलस्टॉकचा आधार न देता, मधला भाग थोडा बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवावेत, आणि टूलची क्रॉस स्लाइड न हलवता दोन्हींवरून एकच हलका कट न्यावा. मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजून फरक ०.०२ मिमीच्या आत आला, तर घरच्या कामासाठी यंत्र उत्तम आहे. तीन जॉच्या चकमध्ये बार दहा शतांशापर्यंत हेलकावा घेत असेल, तर त्यावरून यंत्राला नावे ठेवू नयेत. तो चकचा स्वभाव आहे, आणि एकदा धरलेल्या जॉबवर सर्व कट एकाच धरण्यात घेतले की ते परस्परांशी समकेंद्रीच येतात.

आटे पाडायचे असतील तर लीड स्क्रू (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) मेट्रिक आहे की इंची हे विचारावे. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे अचूक पाडण्यासाठी १२७ दात्यांचा चेंज गिअर (आट्यांचे अंतर ठरवणारा, बदलता येणारा गिअर) लागतो, आणि प्रत्येक कटनंतर हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा नट) न उघडता मोटर उलटी फिरवून मागे यावे लागते. चेंज गिअरचा संच पूर्ण आहे का, हे मोजून घ्यावे. हरवलेला एक गिअर नंतर शोधणे त्रासाचे असते.

ठरवलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा यंत्राबाहेरच्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. चार जॉचा चक, टेलस्टॉकसाठी ड्रिल चक, फिरते सेंटर (जॉबच्या टोकाला आधार देणारे, त्याच्याबरोबर फिरणारे टोक), हायस्पीड स्टीलची टूल आणि त्यांना धार लावायला बेंच ग्राइंडर यांवाचून लेथ अपुरे आहे. कार्बाइड इन्सर्ट नंतर घेता येतात. लहान यंत्राला हाताने घासलेली तीक्ष्ण टूल अधिक मानवतात.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, आणि वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा नो-व्होल्ट स्विच बसवावा. लोडशेडिंगच्या भागात ही गरजेचीच गोष्ट आहे. चालू चकजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाह्या किंवा बांगड्या असू नयेत, आणि चकची चावी आवळून झाली की त्याच क्षणी काढून ठेवावी.

यंत्र जड आणि सपाट पायावर, स्पिरिट लेव्हलने समतल करून बसवावे, कारण वाकड्या टेबलावर आवळलेला बेड पिळतो आणि चांगले यंत्रही टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळते, कापू लागते. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर कीस ब्रशने झाडून बेडवर ६८ ग्रेडच्या तेलाचा हात फिरवावा आणि वर हवा खेळेल असे सुती कापड टाकावे. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडून राहते आणि गंज आतूनच धरतो.