वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राचा अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आर्किटेक्चरला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने बारावीला भौतिकशास्त्र घेतलेले असते; तरीही आपण ज्या छताखाली झोपतो त्याचे वजन किती, हे त्याला सहसा सांगता येत नाही. अभ्यासाचा आरंभ तेथूनच करावा. सळईसह काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २५०० किलो धरतात, म्हणजे १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर ३०० किलोचा आणि तीन बाय चार मीटरच्या खोलीवरचा स्लॅब ३६०० किलोचा झाला. हा भार बीम, खांब आणि पाया यांतून जमिनीत कसा उतरतो, ते आधी बाणांनी रेखाटावे.

त्यानंतर वाकण्याचा विचार करावा, कारण माझ्या मते वास्तुरचनेतले निम्मे भौतिकशास्त्र येथेच आहे. जुन्या कौलारू घरातली १० बाय २० सेंटिमीटरची लाकडी तुळई उभी बसवलेली असते. तीच आडवी टाकली, तर तेवढ्याच भाराखाली ती चौपट वाकते आणि तिची भार पेलण्याची शक्ती निम्म्यावर येते. कारण आडवी टाकल्यावर रुंदी दुप्पट झाली तरी उंची निम्मी होते, आणि ताठरपणा रुंदीबरोबरच उंचीच्या घनावर, तर शक्ती रुंदीबरोबरच उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर टेकवून, आधी आडवी व मग उभी धरून मधोमध दाबली, की सूत्र पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही. वाकताना तुळईच्या वरच्या अंगाला दाब आणि खालच्या अंगाला ताण येतो. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र फार थोडा; बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी या जुन्या दगडी जैन मंदिरात जाऊन दोन खांबांमधले अंतर मापावे आणि काँक्रीटच्या इमारतीतील अंतराशी ताडून पाहावे.

उन्हासाठी गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सावली उत्तरेकडे साधारण ८२ सेंटिमीटर पडते. येथील मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते, हे ध्यानात ठेवावे. मेच्या पहिल्या आठवड्यात सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि जूनमध्ये, ढगांनी सवड दिलीच तर, ती दक्षिणेकडे वळलेली दिसते. दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा किती पुढे काढायचा, हे या मापांवरून काढता येते. पश्चिमेला मात्र ऊन तिरपे येत असल्याने तेथे उभ्या पट्ट्यांचा किंवा झाडांचा विचार करावा.