हवेने डबा चेपायचा तर

पाच लिटरचा, सपाट बाजूंचा, फिरकीच्या झाकणाचा खाद्यतेलाचा पत्र्याचा डबा घ्या. थिनरचा किंवा रॉकेलचा डबा कितीही धुतला तरी आचेवर ठेवायचा नाही. काचेची बाटली तर नाहीच. गोल भांडंही नको, ते दाब झेलतं. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके हा जर्मन शास्त्रज्ञ तांब्याच्या गोलातून हवा उपसत होता. त्याचा पहिला गोल मोठा आवाज होऊन चेपला. नीट गोलाकार घडवून घेतलेला दुसरा टिकला. आपल्याला चेपणाराच हवा.

झाकण लावून डबा बादलीत दाबून धरा, पंक्चरवाला ट्यूब धरतो तसा. बुडबुडे आले तर दुसरा डबा शोधा.

आत कपभर पाणी, झाकण काढलेलं, गॅस मोठा.

आता खरी मेख. 'वाफ दिसली की झाकण लावा' असं जिथे तिथे सांगतात. मीही तेच केलं, भरल्या वर्गासमोर. डबा नुसता 'टक्' वाजला, एक बाजू जराशी आत गेली, पोरं खिदळली. वाफ दिसू लागते तेव्हा आत अजून बरीच हवा असते. वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा व्यापते, त्यामुळे ती निवून पाणी झाली की तेवढी जागा रिकामी होते. हवेचं मात्र पाणी होत नाही. ती आत ठाण मांडून बाहेरच्या हवेला थोपवते. म्हणून तोंडातून वाफेचा जोरदार झोत सुरू झाल्यावर घड्याळ लावून चार मिनिटं थांबा. अर्धा डबा पाणी भरण्याचा सल्लाही सोडून द्या. एवढं गरम पाणी लवकर निवत नाही आणि वाफ देत राहतं. फक्त डबा कोरडा पडू देऊ नका.

मग आधी गॅस बंद, नंतर झाकण. क्रम उलटा केलात तर चुलीवर बॉम्ब ठेवलात असं समजा. इथे मी कुणाशी वाद घालत नाही. पण रेंगाळूही नका, आच गेली की हवा परत शिरते. जाड हातमोजे आधीच घाला, झाकण हातात तयार ठेवा, एका दमात घट्ट पिळा.

वरून दोन तांबे गार पाणी ओता आणि मागे सरका. डबा कडकड करत चेपतो.

बघणारे म्हणतात, पोकळीने ओढलं. पोकळी काही ओढत नाही! हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाइतकी दाबते. २० बाय ३० सेंटिमीटरच्या बाजूवर ६०० किलो. एरवी आतली हवा तितकंच बाहेर रेटते, म्हणून डबा उभा असतो.

चेपला नाही तर पुन्हा आचेवर ठेवण्याआधी झाकण काढा. हे लिहावं लागतंय, कारण एकाला मी झाकणासकट ठेवताना पकडलंय.